न बांधलेल्या विमानतळाचं बिल (मेक्सिको सिटी, टेस्कोको)

कोयोआकानकर

नमस्कार मंडळी,

मेक्सिको सिटीत येऊन पाच वर्षं झाली. परवा मेरिदाचं तिकीट काढताना बायकोने विचारलं, "हे 'तुआ' काय असतं रे? दरवेळी भाड्याच्या बोकांडी बसलेलं असतं." तुआ म्हणजे विमानतळ वापरायचं शुल्क, आपल्याकडच्या यूडीएफसारखं. गंमत अशी की इथल्या जुन्या बेनितो हुआरेस विमानतळावर आम्ही जो तुआ भरतो, तो टेस्कोकोच्या नव्या विमानतळासाठी काढलेल्या रोख्यांना तारण आहे. आधी रोखेवाले, मग बाकीचे. आणि टेस्कोकोला विमानतळ नाहीच. पाणी आहे, पक्षी आहेत, वारा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कहाणी. २०१४ च्या सप्टेंबरात तेव्हाचे अध्यक्ष पेन्या निएतो यांनी घोषणा केली. आराखडा नॉर्मन फॉस्टर आणि फर्नांदो रोमेरो यांचा, खर्च १६,९०० कोटी पेसो (पेसो म्हणजे ढोबळमानाने साडेचार रुपये धरा), शेवटी सहा धावपट्ट्या आणि वर्षाला बारा कोटी प्रवासी. २०१८ पर्यंत आकडा २८,५०० कोटींवर गेला. त्या वर्षी लोपेस ओब्राडोर निवडून आले. शपथ घ्यायच्या आधीच, ऑक्टोबरच्या शेवटी, त्यांनी चार दिवस लोकांचं मत घेतलं आणि २९ ऑक्टोबरला जाहीर केलं: टेस्कोको रद्द. त्याऐवजी सांता लुसियाच्या लष्करी तळावर विमानतळ बांधायचा. तेव्हा टेस्कोकोचं तिसेक टक्के काम झालं होतं.

माझ्या ऑफिसात यावर आजही दोन तट आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की सूप गार होतं. माझं स्वतःचं मत दर सहा महिन्यांनी बदलतं. तुम्हाला काय वाटतं? इतकं काम झाल्यावर थांबणं शहाणपणाचं की वेडेपणाचं?

खवचट_खान

तीस टक्के काम झालेलं रद्द? आमच्या सोसायटीत नव्वद टक्के झालेली लिफ्ट चार वर्षं थांबलीय. मेक्सिको बराच पुढे आहे.

हिशेबनीस

कोयोआकानकर, मुख्य आकडा राहिलाच की. रद्द करायचा खर्च किती आला?

इथेच सगळी मजा आहे. सरकार म्हणत होतं सुमारे १०,००० कोटी पेसो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेचा (आपल्या कॅगचा चुलतभाऊ) अहवाल आला: ३३,१९९ कोटी. तिप्पट! अध्यक्ष सकाळच्या पत्रकार परिषदेत कडाडले. दोनच दिवसांत संस्थेने कबूल केलं की हिशेबाच्या पद्धतीत चूक आहे, आणि पुढे सुधारित आकडा दिला ११,३३२ कोटी. म्हणजे सरकारच्या आकड्याच्या अगदी बिऱ्हाडाशेजारी.

आता ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याने उचललाय. विरोधक आजही ३३ हजार सांगतात, समर्थक ११ हजार.

मुक्ता_जोग

@हिशेबनीस, इतकी चूक कशी होते? सुमारे २२ हजार कोटींचा फरक म्हणजे खिशातलं नाणं नव्हे.

हिशेबनीस

@मुक्ता_जोग, सरकारचा आक्षेप साध्या भाषेत सांगतो. समजा मी कर्ज काढून दहा लाखांचं अर्धं घर बांधलं आणि पाडलं. नुकसान किती? दहा लाख. पण कोणी 'बांधकामाचे दहा लाख' लिहिले आणि खाली 'बँकेला फेडायचे दहा लाख अधिक व्याज' असंही लिहिलं, तर तोच पैसा दोनदा धरला गेला.

पण दुसरी बाजूही ऐका. व्याज हे खरं नुकसान आहेच. घर असतं तर व्याज भरताना निदान छपराखाली बसलो असतो. लेखापरीक्षकाने सत्तेपुढे मान तुकवली की प्रामाणिकपणे चूक सुधारली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ज्या अधिकाऱ्याच्या विभागाने तो अहवाल केला त्याला मात्र घरी बसावं लागलं.

गवंडी

मी भू-तंत्र अभियंता. दोघांचंही चुकतंय, कारण पैशाआधी माती बघायची असते.

टेस्कोको म्हणजे कोरडं पडलेलं सरोवर. तिथली चिकणमाती म्हणजे खरवस समजा. कोरड्या मातीच्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी त्यात असतं. मेक्सिको सिटीचा मोठा भाग असल्याच मातीवर बसलाय, म्हणून तिथलं कॅथेड्रल वाकडं झालं आणि बेयास आर्तेस नावाचं भव्य नाट्यगृह जमिनीत खचलं. १९८५ च्या भूकंपात सरोवराच्या गाळावरच्या इमारतीच का पडल्या, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

अशा जागी धावपट्टी कशी करतात? जमिनीत हजारो उभ्या वाती घालायच्या, वर तेसोंत्ले नावाचा तांबडा ज्वालामुखी दगड आणि बेसॉल्ट यांचा डोंगर रचायचा, महिनोन्महिने ठेवायचा. ओझ्याने पाणी वातींतून वर येतं, माती आधीच बसून घेते. मग वरचं ओझं काढायचं. त्या दगडासाठी आजूबाजूच्या टेकड्या अक्षरशः खरवडून काढल्या. पद्धत चांगली आहे, डच सल्लागार होते, मूर्ख नव्हते. पण जमीन त्यानंतरही बसतच राहते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. म्हणजे जन्मभर डागडुजी. ती रक्कम २८,५०० कोटींत नव्हती.

खवचट_खान

खरवसावर धावपट्टी. वेलदोडा घातला होता का?

शिरीष_भागवत

@गवंडी, सन्माननीय असहमत. सध्याचा विमानतळही त्याच सरोवराच्या गाळावर आहे ना? तो चालतोच आहे. त्याच्या दोन धावपट्ट्या इतक्या जवळ आहेत की दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. २०१८ ला तिथे पावणेपाच कोटी प्रवासी होते. देशाच्या राजधानीला मोठा विमानतळ हवा हे वीस वर्षं सगळे पक्ष मान्य करत होते. स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेचा टेस्कोकोला पाठिंबा होता. आणि निर्णय कशावर झाला? सव्वादोन कोटींच्या महानगरात विमानतळ कुठे असावा हे देशभर ठेवलेल्या मतपेट्यांनी ठरवलं.

त्या मतदानाचे आकडे बघा: एकूण मतं १०,६७,८५९. सुमारे नऊ कोटी मतदारांच्या देशात. निवडणूक आयोगाचा संबंध नाही, खर्च लोपेस ओब्राडोर यांच्याच पक्षाच्या खासदारांचा. काही पत्रकारांनी एकाहून जास्त वेळा मत देऊन दाखवलं. ७० टक्के लोक सांता लुसियाच्या बाजूने म्हणे! आमच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक यापेक्षा कडक असते.

जाहीर झालं त्या दिवशी पेसो तीन टक्क्यांहून जास्त पडला, शेअर बाजार चार टक्क्यांहून जास्त. ते नुकसान कोणाच्या हिशेबात धरायचं?

कोयोआकानकर

मतदान थट्टेचं होतं हे माझे लोपेस ओब्राडोरप्रेमी सहकारीही मान्य करतात. पण ते म्हणतात, जुलैमध्ये ५३ टक्के मतं घेऊन तो माणूस हेच आश्वासन देऊन निवडून आला होता. मतदान नुसती फोडणी होती, आमटी आधीच शिजलेली.

अंजिरवाला_पुरंदर

राम राम. मी हितं जास्त लिहित नाही, वाचतो. पण एक इचारतो. ती जमीन कुणाची व्हती? सरोवराचीच व्हती का कुणी कसत व्हतं?

कोयोआकानकर

@अंजिरवाला_पुरंदर, दादा, हा प्रश्न पहिल्याच पोस्टमध्ये मी लिहायला हवा होता.

२०१४ चा प्रकल्प मुख्यतः सरकारी जमिनीवर होता, सुमारे ४,४०० हेक्टर. पण ते तसं का होतं त्याला इतिहास आहे. २००१ मध्ये विसेंते फॉक्स अध्यक्ष असताना हाच विमानतळ जाहीर झाला होता, तेव्हा गावांच्या शेतजमिनी घ्यायच्या होत्या. सान साल्वादोर आतेन्को हे त्यातलं मुख्य गाव. भाव काय लावला? चौरस मीटरला सात पेसो. थंड पेयाची एक बाटली, बस्स. गावकरी कोयते घेऊन राजधानीत उतरले. चालवायला नव्हे, दाखवायला. कोयता तेव्हापासून त्यांचं निशाणच झाला. ऑगस्ट २००२ मध्ये फॉक्सने माघार घेतली. म्हणजे हा विमानतळ एकदा नाही, दोनदा रद्द झालाय.

पुढचं वाईट आहे. मे २००६ मध्ये त्याच आतेन्कोत पोलीस घुसले. निमित्त टेस्कोकोच्या फूलवाल्यांना बाजारातून हटवण्याचं. दोन तरुण मेले, अटक केलेल्या बायकांवर पोलिसांनी लैंगिक अत्याचार केले. अकरा जणींनी बारा वर्षं झगडून आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाकडून २०१८ मध्ये मेक्सिकोविरुद्ध निकाल मिळवला. २००६ ला त्या राज्याचे गव्हर्नर कोण होते? पेन्या निएतो. तेच पुढे अध्यक्ष झाले आणि त्यांनीच तो विमानतळ पुन्हा काढला. गावाला काय वाटलं असेल याचा अंदाज करा.

अंजिरवाला_पुरंदर

कळलं. आमच्या सात गावांत पुरंदरच्या विमानतळापायी २०१६ पास्नं हेच चाललंय. माझ्या अंजिराच्या बागंला पंधरा वर्षं झाली. कागदावर ती "बागायत, फळझाडे" एवढ्या दोन शब्दांत बसती. सात पेसोवाल्यांचं मला बरोबर समजलं.

हिशोबाचं तुमचं चालू द्या. आमच्या बाजूचा हिशोब कुठल्याच अहवालात नसतो. नऊ वर्षं मोजणी येणार, नाही येणार, यातच गेली. नवीन झाडं लावावी का नाही हे ठरंना. ठिबक बदलायचं तर पोरगं म्हणतं, कशाला, उद्या जमीन जाणार. प्रकल्प झाला काय, रद्द झाला काय, ही वर्षं कोण भरून देणार?

मुक्ता_जोग

दादा, +१. यावर काही लिहायची हिंमत नाही.

तळेगाव_ते_तुलूज

फ्रान्समधला अनुभव जोडतो, कारण तिथे गणित बरोबर उलटं आहे. नान्तजवळच्या नोत्र-दाम-दे-लांद इथला विमानतळ १९६० च्या दशकापासून कागदावर. जागा पाणथळ, शेतकरी आणि पर्यावरणवाले मिळून ती अडवून बसले. झाडांवर घरं, स्वतःची बेकरी, सगळं. २०१२ मध्ये सरकारने त्यांना हुसकायला मोठी पोलीस मोहीम काढली, तिला नाव दिलं 'सीझर'. (सीझरला पुरून उरणाऱ्या अ‍ॅस्टरिक्सच्या देशात हे नाव! कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?) मोहीम फसली. २०१६ मध्ये त्या जिल्ह्यात सार्वमत झालं आणि ५५ टक्के लोकांनी 'विमानतळ हवा' म्हटलं. तरीही जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधान फिलीप यांनी रद्द केला.

म्हणजे मेक्सिकोत लोकांना विचारून मोडला, फ्रान्समध्ये लोक हो म्हणाले तरी मोडला. त्यामुळे सार्वमतावर फार भांडण्यात अर्थ नाही असं माझं मत.

शिरीष_भागवत

@तळेगाव_ते_तुलूज, पण नान्तला मुख्य बांधकाम सुरू झालं नव्हतं. इथे नरसाळ्यासारखे प्रचंड लोखंडी खांब, ज्यांवर छप्पर उभं राहणार होतं, ते उभे राहायला लागले होते. एकवीस करायचे होते. ते कापून काढावे लागले. हे तुम्ही एकाच तराजूत कसं घालता?

एन्रॉनग्रस्त

एवढी चर्चा झाली आणि दाभोळ कोणाला आठवलं नाही? १९९५ मध्ये आपण एन्रॉन समुद्रात बुडवायला निघालो होतो. ऑगस्टमध्ये करार रद्द केला, काम बंद, कंपनीने लंडनमध्ये लवादाची नोटीस दिली. मग पुन्हा वाटाघाटी, आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत. अर्धवट थांबवून पुन्हा सुरू करणं हे सगळ्यात महाग, हे आम्ही चिपळूणवाल्यांनी वीजबिलासकट पाहिलंय. त्यापेक्षा मेक्सिकोवाल्यांनी एकदा मोडलं ते मोडलं, परत फिरले नाहीत. एवढं तरी केलं.

शिरीष_भागवत

आणि आरे? २०२० ला कारशेड कांजूरला नेलं, २०२२ ला परत आरेला. मेट्रो ३ चा खर्च २०२२ पर्यंतच २३,१३६ कोटींवरून ३३,४०५ कोटींवर.

गवंडी

शिरीषराव, त्या वाढीत करोना आहे, भुयाराची गुंतागुंत आहे, जपानी कर्जामुळे रुपया-येनचा दर आहे. सगळं कारशेडच्या माथी मारू नका. आकड्यांशी असं खेळायचं असेल तर तुम्हाला मेक्सिकोच्या लेखापरीक्षण संस्थेत नोकरी मिळेल.

खवचट_खान

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आरे आलं, आता नाणार येईल, मग धागा शंभरी गाठेल.

व्यवस्थापक

नाणारसाठी वेगळा धागा आहे. चार वेगळे धागे आहेत. कृपया विमानतळाकडे परत या.

हिशेबनीस

बरं, परत रोख्यांकडे. मला वाटतं यातला सगळ्यात हुशार भाग कोणी बोललाच नाही. एकूण ६०० कोटी डॉलरचे रोखे होते, २०१६ आणि २०१७ मध्ये काढलेले. प्रकल्प रद्द म्हणजे करारभंग, म्हणजे सगळे गुंतवणूकदार एकदम दारात. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने १८० कोटी डॉलरचे रोखे परत विकत घेतले, आणि बाकीच्यांना नियम बदलायला राजी केलं. उरले ४२० कोटी. शेवटचे रोखे २०४७ ला फिटायचे आहेत. तोवर कोयोआकानकर आणि वहिनींचा तुआ चालू.

आता यातला उलटा परिणाम बघा. रोख्यांचं पोट जुन्या विमानतळाच्या प्रवाशांवर चालतं. म्हणजे जुना विमानतळ बंद करता येत नाही, फार रिकामाही करता येत नाही. पण नवा सांता लुसियाचा भरायचा तर जुन्याचेच प्रवासी हलवायला हवेत. स्वतःच्या दोन दुकानांत गिऱ्हाइकांची ओढाताण.

गवंडी

आणि तरी त्यांनी जुन्याची ताशी उड्डाणं ६१ वरून ५२, मग जानेवारी २०२४ पासून ४३ वर आणली. मालवाहू विमानं तर २०२३ च्या हुकमाने जुन्यावरून हद्दपार करून सांता लुसियाला धाडली. त्यावरून अमेरिकेने भांडण काढलं ते वेगळंच.

सुलभा_ताई

मला एवढे आकडे झेपत नाहीत. सांता लुसियाचा झाला का पण शेवटी? कसा आहे?

कोयोआकानकर

झाला, ताई. लष्कराने बांधला. २१ मार्च २०२२ ला उद्घाटन, नाव जनरल फेलिपे आंखेलेस, हे त्यांच्या क्रांतीतले. पहिल्या दिवशी इतकी कमी विमानं होती की बातमी विमानांची झालीच नाही. एका बाईने टर्मिनलमध्येच त्लायुदा विकायला मांडल्या, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्लायुदा म्हणजे वाहाकाकडची भलीमोठी कडक पोळी, वर राजमा आणि चीज. विरोधक म्हणाले, हा विमानतळ की एसटी स्टँड? समर्थक म्हणाले, गरिबाची बाई आत आली म्हणून पोटात दुखतंय. तीन दिवस देशात दुसरा विषय नव्हता.

पहिल्या वर्षी दहा लाखही प्रवासी नव्हते. २०२४ ला साठ लाखांच्या वर गेले. म्हणजे चालायला लागलाय, पण टेस्कोकोची जागा घेतली म्हणणं धाडसाचं होईल.

आणि हो, बांधताना जमिनीत मॅमथची हाडं सापडली. दोनशेच्या वर मॅमथ!

एन्रॉनग्रस्त

इकडे हत्ती गेला शेपूट राहिलं, तिकडे दोनशे हत्ती जमिनीतून निघाले. हिशेब बरोबर जुळला.

सुलभा_ताई

पहिल्याच दिवशी जेवणाची सोय झाली हे उत्तमच झालं की. आमच्याकडे विमानतळावर चहा दोनशे रुपये. ती बाई आमच्याकडे पाठवा.

तळेगाव_ते_तुलूज

अवांतर: मॅमथ टेस्कोकोला सापडले असते तर प्रकल्प तेव्हाच थांबला असता का, की त्यांच्यावरही तेसोंत्ले टाकलं असतं?

मुक्ता_जोग

मूळ प्रश्नाकडे येते. "इतकं झालंय म्हणून पुढे करा" हा युक्तिवाद मला पटत नाही. विचारायचं एवढंच: इथून पुढे किती लागणार आणि बदल्यात काय मिळणार? शिरीष म्हणतात मोठा विमानतळ मिळाला असता. गवंडी म्हणतात कायम बुडती जमीन मिळाली असती. दोन्ही खरं आहे. पण मला खटकतं ते हे की ही तुलना नीट मांडून, कागद उघड ठेवून कोणी केलीच नाही. उत्तर आधी ठरलं, कारणं नंतर जमवली. हे जमवाजमवीचं काम दोन्ही अध्यक्षांनी केलं, पेन्या निएतोंनी जागा निवडताना आणि लोपेस ओब्राडोरनी मोडताना.

शिरीष_भागवत

@मुक्ता_जोग, अर्धं मान्य. पेन्या निएतोंच्या वेळच्या कंत्राटांबद्दल शंका होत्या, हे खरं. टर्मिनलचं ८,४८० कोटींचं काम तिथल्या बड्या उद्योगपती कार्लोस स्लिमच्या समूहाला, आणि आराखड्यात स्लिमचे जावई रोमेरो. हे वाचून भुवया उंचावतातच. पण शंका असतील तर चौकशी करा, दोषींना धरा. उंदीर झाले म्हणून घर जाळायचं?

गवंडी

घर खरवसावर असेल तर जाळायचीही गरज नाही, आपोआप खाली जाईल.

कोयोआकानकर

रविवारी टेस्कोकोच्या जागी जाऊन आलो, तुमच्यामुळेच. आता तिथे 'लागो दे टेस्कोको' पर्यावरण उद्यान आहे. २०२२ मध्ये चौदा हजार हेक्टर संरक्षित म्हणून जाहीर झाले, २०२४ ला लोकांसाठी उघडलं. फुटबॉलची मैदानं, सायकलचे रस्ते, तळी. झाडं अजून कमरेएवढी आहेत, त्यामुळे सावली नाही आणि वाऱ्याने तोंडात धूळ जाते. पण मुलांची गर्दी होती. पाण्यावर बदकं इतकी की माझ्या मुलाने मोजायचा नाद सोडला.

डोक्यावरून दर दोन मिनिटांनी जुन्या विमानतळाकडे जाणारी विमानं. शेजारी एक आजोबा घडीच्या खुर्चीवर बसले होते, जवळच्याच गावचे. मी विचारलं, विमानतळ झाला असता तर? ते म्हणाले, "नातवाला नोकरी लागली असती. पण मी इथे बसलो नसतो."

माझं मत? या सहामाहीत रद्द करणं बरोबर, रद्द करण्याची रीत चूक. डिसेंबरात परत विचारा.

अंजिरवाला_पुरंदर

आजोबांचा फोटो काढला असता तर बरं झालं असतं.

सुलभा_ताई

कोयोआकानकर, एक कामाचं विचारते. माझा पुतण्या पुढच्या महिन्यात कान्कुनहून मेक्सिको सिटीला येणार आहे. त्या मॅमथवाल्या विमानतळाचं तिकीट बरंच स्वस्त दिसतंय. घ्यावं का?

कोयोआकानकर

ताई, तो शहराच्या उत्तरेला उतरणार असेल तर डोळे मिटून घ्या. माझ्यासारखा दक्षिणेला येणार असेल तर टॅक्सीचं भाडं आधी मिळवा, पन्नासेक किलोमीटर आहे आणि वाटेत वाहनांची रांग. वेळ असेल तर तिथलं मॅमथचं संग्रहालय बघायला सांगा, छान आहे.

सुलभा_ताई

आणि ते तुआ का काय ते?

कोयोआकानकर

तिथला कमी आहे. परतीचं मात्र जुन्या विमानतळावरून काढायला सांगा. आमच्या रोख्यांना तेवढाच हातभार.